महिपतीचा थेंब

महाडात हायवेच्या कडेला महिपतीचं रेडियमचं दुकान होतं. पाण्याचे टँकरवाले त्याच्याकडेच येत, ते एका थेंबापायी. रेडियमच्या कागदात थेंबाचा आकार कापून तो कागद टाकीवर चिकटवायचा आणि त्या खिडकीत एअरब्रशने निळा मारायचा. कडेला गडद, पोटाशी फिका, वर पांढरी चमक. कागद ओढून काढला की थेंब आता गळेल असं वाटायचं. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत उन्हाळ्याचा टँकर जातो, तिथल्या म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही. हा थेंब दिसला की त्या हंडे पुढे करतात. महिपती स्वतः अक्षरं शिकला तो चाळिशीत, दुकानातच, कापता कापता. न वाचणाऱ्याला चित्राचा आधार किती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्या दुपारी सुशांत आपला टँकर घेऊन आला.

"काका, अर्जंट हाय. जुनं काढा, 'पिण्याचे पाणी' टाका आणि तुमचा तो थेंब. उद्यापासून आंबेनळीकडच्या वाड्या धरल्यात."

त्या वाड्यांतल्या एकीत महिपतीची बहीण काशीबाई दिलेली. तो हौसेने कामाला लागला. टाकीवर लाल चौकटीत कवटीच्या आकारात कापलेलं स्टिकर होतं. गरम हवा मारून त्याने ते सोललं. चौफेर रंग उन्हाने उडालेला, पण स्टिकरखालचा तसाच ताजा राहिलेला. स्टिकर निघालं, कवटी राहिली.

महिपतीने टाकीच्या नळाला नाक लावलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"यात काय होतं रे?"

"ॲसिड. एमआयडीसीत फिरत होता ना. पण तीनदा धुतलाय, टेन्शन नाय."

"मग यातलं आधी तुझ्या पोरीला पाज. माझ्यासमोर. मग मारतो थेंब."

सुशांत हसला. "माझ्या घरी नळ हाय, काका."

ते हसणं महिपतीच्या डोक्यात गेलं. हातातलं स्टिकर चुरगळून त्याने सुशांतच्या छातीवर फेकलं.

"काढ गाडी! त्या बाया काय गटार हायत, काय पण ओतायला? काढ म्हणतो ना!"

"नाय तर नाय. तुमच्या थेंबाचा फोटो हाय मोबाइलात. कंप्युटरवाला अर्ध्या तासात प्रिंट देतो. उगाच भाव खाऊ नका."

टँकर गेला. महिपतीने बहिणीला फोन लावला. वाडीत रेंज नाही, एरवीही नसायची. दुसऱ्या दिवशी दुकान न उघडताच त्याने मोटारसायकल काढली. घाट चढताना तो एकटाच मोठ्याने शिव्या देत होता.

वाडीत पोचला तेव्हा टँकर उभा होता. काशीबाईचा एक हंडा भरलेला, दुसरा पाइपाखाली.

"काशे, ओत तो हंडा!"

"आल्या आल्या काय रे ओरडतोस, दादा? पाणी हाय ते. तुझाच थेंब हाय की वर."

"माझा नाय गो!"

त्याने थेंबाच्या कडेला नख घातलं. नवं स्टिकर, अजून नीट धरलं नव्हतं. एका हिसक्यात ते सोलून हातात आलं. खालून कवटी बाहेर पडली. ती कुणाला वाचून दाखवावी लागली नाही.

"गाडीला हात नाय लावायचा!" सुशांत केबिनमधून ओरडला. "कम्प्लेंट टाकीन!"

"टाक! तिथं सांग, काय भरलं होतंस आणि काय पाजायला आणलंस!"

काशीबाईने भरला हंडा उचलून चाकापाशी पालथा केला. दुसराही केला. मग ती भावाकडे वळली.

"दोन दिस वाट बघितली आम्ही. घोटभर पाणी नाय घरात. आता प्यायचं काय?"

महिपतीने मोटारसायकलकडे पाहिलं. रागाच्या भरात आला होता, येताना पाण्याचा एक कॅनही आणला नव्हता.

तेवढ्यात सुशांतने गाडी सुरू केली. काशीबाई पुढे गेली, रिकामा हंडा चाकासमोर उपडा घातला आणि त्यावर बसली.

"खाली उतर, भाड्या. लाव फोन तुझ्या साहेबाला. चांगल्या पाण्याचा टँकर येऊ दे, मग ने हे डबडं."

"मावशी, हितं रेंज नाय."

"मग चालत जा वरच्या वळणावर, तिथं येते. झरा आटेपर्यंत आम्ही रोज जायचो तिथं पाण्याला."

एकेक बाई आली, एकेक हंडा उपडा पडला. सुशांतने गाडी बंद केली. उतरला आणि मोबाइल हातात धरून वळणाकडे चालू लागला. महिपती बहिणीजवळ खाली मातीत बसला. सोललेला थेंब त्याच्या बोटांना चिकटला होता, तो झटकत राहिला.