अकरा माणसं आणि एक सही

आमच्या घरात देव एक आणि चर्च दोन. त्यामुळे रविवार जरा जड जायचा.

बाबा जुन्या, मोठ्या चर्चचे. तिथे दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, आणि जो अधिकार आहे तो देवानेच नेमलेला, हे बाबा दात घासतानाही विसरत नाहीत. माझा नवरा चौकापलीकडच्या लहान मंडळीतला. त्याच्या पणजोबांना कुठल्याशा सरकारने उपासनेवरून तुरुंगात डांबलं होतं. तेव्हापासून सरकारने माणसाच्या आत्म्यापासून चार हात लांब राहावं, हे त्या मंडळीत बाळकडूतच मिळतं. दोघे एकाच दुकानात कुलपं दुरुस्त करतात. मी मशीनवर चाव्या घासते आणि त्यांची भांडणं ऐकते. दोन्हींचा आवाज साधारण सारखाच.

दुकानाचा परवाना बाबांच्या नावावर होता. त्यात एक अट होती: पोलिसांनी बोलावलं तर जाऊन दार उघडून द्यायचं. मंगळवारी तसा कागद आला. जुन्या गोदामाच्या माडीवर एक तिसरीच मंडळी जमायची. ते लोक सरकारदरबारी नोंदणी करत नाहीत, शपथ घेत नाहीत, मतही देत नाहीत. नोंदणी न करता एकत्र बसणं गुन्हा नव्हता. आतून कुलूप लावून बसणं मात्र गुन्हा होता. शिक्षा तीन वर्षं. गुरुवारी सकाळी दहाला कुलूप उघडून हवं होतं.

"मी जाणार नाही," नवरा म्हणाला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. प्रार्थना करणाऱ्यांवर पोलीस सोडायचे, आणि तेही माझ्या हातांनी?"

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, जावईबापू. नाही गेलो तर परवाना जाईल."

"जाऊ दे, मामा. माझा विवेक परवान्यावर चालत नाही."

"पोट चालतं ना?"

हे दोन दिवस चाललं. बायबलमधली वचनं इकडून तिकडे फेकली गेली, आमटी गार झाली. गुरुवारी नवरा दुकानात कानस घेऊन बसला आणि त्याने मान वर केली नाही. बाबांचा खांदा दुखरा, म्हणून हत्यारांची पेटी मी उचलली. खरं सांगते, मला दोघांचाही राग आला होता.

माडीवर पोलीस अधिकारी आणि चार शिपाई उभे होते. बाबांनी पेटी उघडायच्या आधी, शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात तेच केलं: दाराची मूठ फिरवून ते ढकललं. दार उघडलं. त्याला कुलूपच नव्हतं, कडीसुद्धा नव्हती. दोन दिवस आम्ही ज्याच्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, ते दार कोणीही ढकलावं असं होतं.

आत अकरा माणसं बाकांवर गप्प बसली होती. एक म्हातारी सरकून म्हणाली, "या, बसा. जागा आहे."

अधिकाऱ्याने दार ओढून घेतलं आणि तयार कागद पुढे केला. त्यावर आधीच छापलेलं होतं: आतून लावलेले कुलूप परवानाधारकाने उघडले. खाली सहीची जागा.

"सही करा, काका. लगेच मोकळे व्हा."

"कुलूप नव्हतं, साहेब."

"ते तुम्ही ठरवायचं नाही."

"ते मीच ठरवायचं. बाकीचं सगळं तुम्ही ठरवा." बाबांचा आवाज चढला नव्हता. "मी दर रविवारी तुमच्यासाठी प्रार्थना करतो. ती तुमच्या हातून हे व्हावं म्हणून नाही करत."

अधिकाऱ्याने परवाना मागितला. बाबांनी तो खिशातून काढला, उलगडून नीट सरळ केला आणि दोन्ही हातांनी दिला, अधिकाऱ्याला देतात तसाच. सहीशिवाय गुन्हा उभा राहत नव्हता; अकरा जण जिना उतरून आपापल्या घरी गेले. चाळीस वर्षांचं दुकान मात्र त्या जिन्यावरच संपलं.

परत आलो तेव्हा दोन शिपाई दुकानाच्या शटरला सील लावत होते. मी नवऱ्याला झाला प्रकार सांगितला. त्याचे डोळे भरून आले. तो बाबांचे हात धरून म्हणाला, "मामा, शेवटी तुम्ही आमच्या बाजूला आलात."

बाबांनी हात सोडवून घेतले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कोणाच्या बाजूला? बोलावलं म्हणून मी गेलो. तुमच्यासारखा मीही दुकानात बसलो असतो, तर त्यांनी पलीकडच्या गल्लीतला कुलूपवाला नेला असता. तो सही करून चहा पिऊन आला असता, आणि ती अकरा माणसं आज कोठडीत असती. तुमचा विवेक मात्र अगदी स्वच्छ."

"मी त्या पापात हात घातला नाही," नवरा हळूच म्हणाला.

"येशूला क्रुसावर पाठवताना हात तर पिलातानेही धुतले होते, जावईबापू."

नवऱ्याने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांना पितळेचा कीस तसाच चिकटलेला होता. मग त्याने हत्यारांची पेटी उचलली, दुसऱ्या हाताने बाबांना धरलं आणि आम्ही तिघं चालत घरी गेलो.