चकचकीत टाकीच्या तोटीत

तेजलला वाटलं होतं, घाण गोठ्यात सापडेल. ती सापडली माझ्या पाठीशी.

मी बोलतोय तो गावच्या दूधमंडळीच्या, म्हणजे सहकारी डेअरीच्या, मोठ्या टाकीचा वायसर. रबराचा, तळहाताएवढा, एके काळी पांढरा. अकरा वर्षांपूर्वी गुजरातेत चरोतरातल्या या गावात टाकी आली, तेव्हा बसवणाऱ्याने मला तोटीत ठेवून वरची चाकी आवळली आणि बजावलं, इथे हात लावू नका, गळेल. गावाने त्याचा शब्द पाळला. दर दिवाळीला चाकीला कुंकू लागलं, लाल दोरा बांधला गेला. पाना मात्र कधीच लागला नाही.

टाकी धुण्याचं काम कंकुबेनचं. सकाळी टँकर दूध घेऊन गेला की सोड्याच्या कढत पाण्याने ती टाकी अशी घासायची, की बायका आत वाकून आपल्या कपाळावरचा चांदला सरळ करून घ्यायच्या. मग क्लोरीनचं पाणी फिरवायची. काम चोख होतं. पण सोडा दुधाचा ओशटपणा कापतो. दुधातला खार, म्हणजे क्षार, त्याला दाद देत नाही. तो खार माझ्या पाठीशी साठून दगड झाला. त्यावर जंतू उतरले आणि त्यांनी स्वतःवर बुळबुळीत लेप ओढून घेतला. क्लोरीनचं पाणी त्या लेपावरून निघून जायचं, आतल्यांना पत्ताही नसायचा. मला सगळं कळत होतं, पण तोटीत आवळलेल्याचं कोण ऐकणार?

तेजल ही कंकुबेनच्या भावाची मुलगी, आत्याला फोई म्हणणारी. दूर देशात दुधाचं शास्त्र शिकली आणि तिथली नोकरी सोडून गावासाठी परत आली. आल्या आल्या ती खूश झाली ती घरोघरचे संडास बघून. पांढरेशुभ्र. गाव किती बदललं, असं ती वडिलांना दोनदा म्हणाली.

त्याच आठवड्यात दोन टँकर शहरातून परत आले. दूध नासकं. मंडळीच्या सांगण्यावरून तेजल गोठे बघत फिरली आणि तळ्याकाठच्या रईबेन परमारच्या दारात थांबली. घोट्यापर्यंत चिखल, एकुलती एक म्हैस, चेपलेला कॅन. दुसऱ्या दिवशी तिने मंडळीच्या फळ्यावर खडूने लिहिलं : रईबेन परमार, दूध बंद.

रईबेनने भरलेला कॅन परत डोक्यावर घेतला. "बेन, तू शिकलेली आहेस," ती शांतपणे म्हणाली. "पण चिखल माझ्या पायाला आहे, दुधाला नाही."

रांगेतल्या बायका हसल्या. एक जण म्हणाली, आता हिच्या म्हशीलाही परदेशात शिकायला पाठवा. पुढच्या आठवड्यात कळलं, रईबेनने म्हैस विकायला काढली आहे. तिचं घर त्या म्हशीवरच चालायचं. व्यापारी मंगळवारी येणार होता.

आणि रविवारी तिसरा टँकर परत आला. त्यात रईबेनचा एक थेंबही नव्हता.

सोमवारी सकाळी तेजलने प्रत्येकीच्या कॅनमधलं दूध बाटलीत घेतलं, टाकीतलं वरचं घेतलं, तोटीतून आलेलं पहिलंही घेतलं. सगळ्यांत निळा रंग टाकून बाटल्या गरम पाण्यात ठेवल्या. जंतू जास्त, तिथला रंग लवकर उडतो. बाकीच्या बाटल्या दुपारपर्यंत निळ्या राहिल्या. तोटीतल्या दुधाचा रंग अर्ध्या तासात पांढरा पडला.

दुपारी तिने ट्रॅक्टरवाल्याकडून पाना आणला, दोरा कापला आणि चाकी फिरवली. अकरा वर्षांनी मी उजेड पाहिला. माझ्या पाठीवर पिवळी खपली होती, त्यावर गुलाबी शेंबडासारखा थर. वास असा आला, की तेजल तोंड दाबून भिंतीला टेकली.

कंकुबेन खालीच बसली. "मी रोज धुतेय गं. रोज."

"फोई, सोडा रोज, आणि आठवड्यातून एकदा ॲसिड. खार ॲसिडनेच सुटतो. त्याचे निळे कॅन दर महिन्याला येतात. ते कुठे आहेत?"

कंकुबेनने पदर ओठांवर धरला. मग जे सांगितलं, ते ऐकून मी रबराचा असूनही ताठ झालो. तिने ते कॅन वाटून टाकले होते, घरोघर, अकरा वर्षं. "संडासाचं औषध मी दुधाच्या भांड्यात ओतू? लक्ष्मी आहे ती. माझा हात तरी वळेल का?"

 तेजलने कौतुक केलेले ते पांढरेशुभ्र संडास! आमच्या गावात संडास टाकीपेक्षा स्वच्छ होते.

संध्याकाळी मंडळीचे प्रमुख शनाभाई आले. मला चिमटीत धरून पाहिलं आणि लांब ठेवलं. नवा वायसर बसव, म्हणाले, फळा पुसून टाक आणि गप्प राहा. मंडळीचं नाव जाईल, तुझ्या फोईचं जाईल. रईबेनला काय, चार दिवसांनी घेऊ परत.

"म्हैस उद्या जातेय, काका," तेजल म्हणाली.

"मग सांग, तुझी फोई महत्त्वाची का म्हैस?"

तिने मला उचललं. कागदात गुंडाळून घरी नेलं.

मंगळवारी दूध घ्यायची घंटा व्हायच्या आधी ती मला घेऊन आली, तर कंकुबेन आधीच तिथे होती. तिने घरोघर जाऊन सात निळे कॅन परत आणले होते. "आधी कुठलं, ते सांग," ती म्हणाली, वर न बघता. तेजलने सांगितलं : आधी सोडा, मग साधं पाणी, मग ॲसिड, पुन्हा भरपूर पाणी, आणि क्लोरीन अगदी शेवटी. ॲसिड आणि क्लोरीन एकमेकांना भेटता कामा नयेत, विषारी धूर होतो.

तोवर दारात रांग लागली होती. तेजलने मला फळ्याखालच्या खिळ्यावर अडकवलं; तिथेच मी आता लटकतोय, खपलीसकट, त्या रांगेसमोर. मला फेकू नका. टाकीत चेहरा दिसला म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नका. आठवड्याला एकदा तोटी उघडून माझ्या नव्या भावाची पाठ बघा.

तेजलने रईबेनचं नाव पुसलं आणि त्या जागी स्वतःचं लिहिलं : तेजल पटेल, चूक माझी. वाचणाऱ्या बायकांपैकी या वेळी कोणी हसलं नाही. मग रईबेनचं दूध आणायला मंडळीतला एक रिकामा कॅन तिने डोक्यावर घेतला, आणि व्यापारी पोचायच्या आत तळ्याकडच्या चिखलात उतरली.