सिद्ध मोडेम आणि एक लाख श्री

सन १९९९. भिगवणला बिरूच्या लग्नपत्रिकांच्या दुकानासमोर इतकी गर्दी जमली होती, की मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायकाही गिऱ्हाईक विसरून थांबल्या होत्या. आत तरंगनाथ महाराज एका नव्या मोडेमला, म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनशी जोडणाऱ्या डबीला, कुंकू लावत होते.

बिरूची अडचण खरी होती. पत्रिकांचे फोटो बारामतीच्या छापखान्याला टेलिफोनच्या तारेवरून जात, आणि ते पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक उठून जाई. महाराजांचा तोडगा असा, की सिद्ध मोडेम घ्यावा आणि बदल्यात दुकानातला प्रिंटर द्यावा. गिऱ्हाइकांना पत्रिकांचे नमुने छापून दाखवायचा बिरूचा रोजचा धंदा त्या प्रिंटरवरच चाले.

"हा जुना मोडेम. वधूवरांचा फोटो धाडा," महाराज म्हणाले.

पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या गतीने सरकू लागली. चहा आला, पिऊन झाला, तरी पट्टी वाटेतच.

"आता सिद्ध मोडेम. फाइल जपाची, एक लाख वेळा 'श्री'. आकार फोटोएवढाच, बघून घ्या. मंत्राच्या लहरी आणि तारेतल्या लहरी एकाच गोत्राच्या, भक्तांनो."

पट्टी सरसर भरली.

"आबाजी, तुमालाच धाडू का तारंतनं बारामतीला?" मासळीवाली सारजा गर्दीतल्या म्हाताऱ्या आबाजींना म्हणाली. "तिकीट वाचंल."

"धाड की. पर तितं दुसरा आबाजी निगाला, तर घरी कुणी जायचं?"

लोक हसले. बिरू मात्र प्रिंटरची वायर काढू लागला होता.

"बिरूभाऊ, थांबा जरा." भाचीच्या पत्रिकेसाठी आलेल्या फरजानाबाई पुढे झाल्या. त्या अंथुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत. "महाराजांनी मोडेम बदलला, तशी फाइलही बदलली. मग वेग कशानं वाढला, हे कळणार कसं? आता उलट करा. जप जुन्या मोडेमवरून, फोटो सिद्ध मोडेमवरून."

"परीक्षा घेतली की सिद्धी रुसते," महाराज म्हणाले.

"बायकू रुसती, महाराज. डबी कशी रुसंल?" सारजाने विचारले.

बिरूने तरीही उलट करून पाहिले. जुन्या मोडेमवरूनही जप सरसर गेला. सिद्ध मोडेमवरूनही फोटो मुंगीच्याच गतीने निघाला.

"दोन्ही मोडेम मजकूर आवळून पाठवतात," फरजानाबाईंनी सांगितले. "तोच शब्द लाख वेळा आला, तर तो लाख वेळा जात नाही, 'मागचंच पुन्हा' अशी छोटी खूण जाते, आणि पलीकडचा मोडेम ती उलगडतो. फोटोची फाइल मात्र आधीच आवळलेली असते. तिच्यात आणखी आवळायला काही उरत नाही."

"म्हंजी 'वरीलप्रमाणे' लिवत्यात, तसं?" आबाजींनी विचारले.

"अगदी तसंच, आबा."

"मग नवा मोडेम कामाचाच न्हाय का?" बिरूने विचारले.

"तार चांगली असेल तिथं आहे. तुमची तार खरखरते. खरखरीत ऐकू यावं म्हणून दोन्ही मोडेम सावकाश बोलतात. पडद्यावर जोडणीचा वेग बघा, दोन्ही वेळा तोच आकडा. डबी बदलून तार सुधारत नाही."

"श्रद्धा नाही, तिथं आमचं काम नाही," म्हणत महाराजांनी मोडेम पिशवीत घातला.

बिरूने प्रिंटरची वायर पुन्हा जोडली आणि टेलिफोन कार्यालयाला द्यायचा तार दुरुस्तीचा अर्ज छापला. खाली पहिली सही आबाजींनी केली.

वाचकहो, चमत्कार दाखवणाऱ्याने एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर त्यांपैकी एक जागेवर ठेवून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तो नकार देईल. त्या नकारातच उत्तर मिळेल.