व्हर्लिनने केलेला खिमा-पाव

फेब्रुवारीच्या सुरुवातीला लॉर्ना टोलेफसन टपालपेटीकडे जायला म्हणून दाराबाहेर पडली आणि तिसऱ्याच पावलाला बर्फावरून घसरली. पडताना माणूस हात पुढे करतो, तसे तिनेही केले. दोन्ही मनगटं मोडली. उजव्यात डॉक्टरांनी सळ्या घातल्या, डावं नुसतंच प्लास्टरमध्ये बसवलं, आणि सहा आठवडे काडीसुद्धा उचलायची नाही असं बजावून तिला घरी पाठवलं.

सव्वीस वर्षं तिने गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांचं जेवण रांधलं होतं. वीस किलोचा बटाट्याचा खोका ती कमरेवर घेऊन जिने चढायची. त्या बाईला आता स्वेटरचं बटण लावता येत नव्हतं. आंघोळ घालायची नवऱ्याने, केस विंचरायचे नवऱ्याने, चमचा तोंडाशी धरायचा तोही नवऱ्याने. व्हर्लिन हे सगळं न कुरकुरता करत होता. त्याने एकदा तरी कुरकुरावं असं तिला वाटायचं. त्याच्या त्या शांतपणाने तिचा अर्धा जीव जळत होता.

पहिले दोन आठवडे चर्चमधल्या बायकांनी पाळ्या लावून जेवण पोचवलं. दहा डबे आले, त्यातल्या सातांत टूना मासा आणि नूडल्स, वर चुरलेले वेफर्स. शेवटचा डबा घेऊन आलेली शेजारची ग्रेचेन म्हणाली, "मजा आहे बाई तुझी. आयतं बसून खायचं." लॉर्ना गोड हसली. दार लागल्यावर म्हणाली, "हिला एकदा ढकलली पाहिजे त्या बर्फावर."

"तिचा हेतू वाईट नसतो," व्हर्लिन म्हणाला.

"हेतूला काय चाटायचंय? मला आता माझ्या घरचं खायचंय. खिमा-पाव. आणि तो तू करणार आहेस."

खिमा-पाव म्हणजे काही राजाचं पक्वान्न नव्हे. लांबडा पाव आडवा चिरायचा, त्याला लसणीचं लोणी चोपडायचं, वर टोमॅटोत परतलेला बीफचा खिमा, त्यावर दोन प्रकारचं चीज ढीगभर, आणि चीज वितळून बुडबुडे येईपर्यंत ओव्हनमध्ये. बाहेर शून्याखाली वीस असलं की गावातल्या निम्म्या घरांत हेच असायचं. लॉर्ना तो डोळे मिटून अर्ध्या तासात करायची. व्हर्लिनने मात्र बेचाळीस वर्षांच्या संसारात कॉफीपलीकडे शेगडीवर फारसं काही ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्याने बाही दुमडली. लॉर्ना टेबलापाशी खुर्चीत बसली, दोन्ही प्लास्टर समोर उशीवर ठेवलेली. व्हर्लिनने आधी सगळं सामान ओट्यावर रांगेत मांडलं. मग चष्मा पुसला. मग पावाच्या पिशवीवर छापलेलं वाचत बसला.

"त्यात काय वाचतोयस? पाव आहे तो."

"बघतो, काही सूचना असतील तर."

"सूचना मी आहे. लसूण सोल."

त्याने खिशातला चाकू काढला आणि एकेक पाकळी दिव्याच्या तारेचं आवरण काढावं तशी सोलायला घेतली. टोक छाटायचं, साल अखंड निघेल अशी ओढायची, पाकळी उजेडाकडे धरून बघायची, बाजूला ठेवायची. सहा पाकळ्यांना पंधरा मिनिटं. लॉर्नाच्या बोटांना प्लास्टरच्या आत मुंग्या येत होत्या. सुरीच्या पात्याने एक दणका दिला की साल आपोआप सुटते, हे तिने दोनदा सांगितलं. दोनदा तो "हं" म्हणाला आणि तसंच सोलत राहिला.

"लोण्यात मीठ किती?"

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे किती?"

"डोळ्यांना बरं वाटेल तेवढं, व्हर्लिन."

"डोळ्यांना काय बरं वाटेल ते मला कसं कळणार?" तो वीज कंपनीत चौतीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस. "अंदाजाने काम करणारा आमच्यात संध्याकाळी घरी यायचा नाही."

"लोण्याने कुणाला शॉक बसत नाही. टाक."

त्याने पाव चमचा मोजून टाकलं. मग कांदा. कांद्याचा प्रत्येक तुकडा सारखा व्हावा म्हणून तो थांबून थांबून कापत होता. बाहेर बर्फ भुरभुरत होता, घड्याळात चार वाजत आले होते आणि पाव अजून चिरलासुद्धा नव्हता. लॉर्नाने त्याला बिडाची कढई तापत ठेवायला लावली, खिमा त्यात टाकायला लावला. तो टाकून परत कांद्याकडे वळला.

"हलव तो. खाली धरेल."

त्याने हलवला. जपून, कडेकडेने, एखादं झोपलेलं जनावर हलवावं तसा.

"फोड, गोळे फोड. असं नाही. उलथण्याच्या धारेने. अरे, धारेने."

"फोडतोय."

"फोडत नाहीयेस, गोंजारतोयस." तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणता येत नव्हता. "माझ्या शाळेतलं तिसरीचं पोरसुद्धा याहून बरं करेल. माझ्याऐवजी तुझे हात मोडले असते ना, तर या घरात जेवण तरी वेळेवर झालं असतं."

शब्द तोंडातून सुटल्यावर तिला कळलं काय सुटलं ते. व्हर्लिनने उलथणं कढईच्या कडेला ठेवलं. हात फडक्याला पुसले, फडक्याची चौकोनी घडी केली. भिंतीवरचा जाड कोट घातला, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे कानझाके चढवले आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

मिनिटभराने गॅरेजकडून बर्फ उडवायच्या यंत्राची घरघर सुरू झाली.

"जा," लॉर्ना रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली. "जा, बर्फ उडव."

मग तिचं लक्ष शेगडीकडे गेलं. कढईखाली आच तशीच मोठी होती. खिम्याला चरबी सुटून ती तडतडत होती. बेचाळीस वर्षांत हा माणूस झोपायच्या आधी दोनदा गॅस बघून यायचा, आणि आज तो विसरला होता. तो किती चिडला असेल ते तिला यावरून कळलं.

ती उठली. शेगडीचं बटण आत दाबून फिरवावं लागे. उजव्या हाताची बोटं सुजून सॉसेजसारखी झाली होती, त्यांनी दाबलं तर सळ्यांपासून कोपरापर्यंत कळ गेली. डाव्या हाताचं प्लास्टर बोटांच्या पेरांपर्यंत होतं, त्यातून बटण धरताच येईना. कोपराने दाबलं तर फिरेना. ती वाकून दातांनी धरायला गेली, पण आचेची झळ कपाळाला लागली आणि केस करपल्याचा वास आला, तशी मागे झाली. खिमा आता काळा पडायला लागला होता. धूर छताशी जमत होता.

तिने हाक मारली. मग ओरडली. यंत्राच्या घरघरीपुढे तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. मागच्या दाराशी गेली तर दाराची मूठ गोल, पितळी, गुळगुळीत. दोन्ही प्लास्टरांमध्ये धरून फिरवायला गेली, ती घसरली. पुन्हा घसरली. स्वतःच्या घराचं दार तिला उघडता येत नव्हतं. तिने दाराला लाथ मारली, पायातली मऊ सपात उडून फ्रिजखाली गेली.

परत शेगडीपाशी येऊन तिने एकच केलं. कोपराने कढईची मूठ बाजूला रेटली. बिडाची जड कढई जाळीवरून खरखरत सरकली, कडेला आली, कलंडली आणि धाडकन जमिनीवर पडली. खिमा ओट्याखाली, खुर्च्यांखाली, फ्रिजपर्यंत उडाला. गरम चरबीचे दोन थेंब तिच्या अनवाणी पावलावर बसले. शेगडी रिकामीच जळत राहिली.

लॉर्ना खिडकीपाशी गेली आणि प्लास्टरने काच बडवू लागली. व्हर्लिन पाठमोरा होता. तो अंगणाच्या टोकापर्यंत गेला, यंत्र वळवलं, आणि वळताना त्याला खिडकीत बायकोचं तोंड दिसलं. उघडं, ओलं, लालभडक. तो यंत्र तसंच चालू टाकून धावला.

आत येऊन त्याने आधी गॅस बंद केला, मग खिडकी उघडली. मग जमिनीकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती रडत होती. दुःखाने नव्हे, संतापाने. नाक वाहत होतं आणि तिला ते पुसता येत नव्हतं. त्याने खिशातून रुमाल काढला तशी तिने मान फिरवली. तो रुमाल धरून तिथेच उभा राहिला. शेवटी नाकातलं पाणी ओठांपर्यंत आलं तेव्हा तिने मान परत आणली, आणि त्याने ते पुसलं.

"चूक माझी," तो म्हणाला. "आच बंद करून जायला हवं होतं."

"तू गेलासच का?"

"हात मोडायला बाहेर गेलो होतो."

त्याने खुर्ची ओढली, तिला बसवलं, ओल्या फडक्याने तिचं पाऊल पुसलं आणि त्यावर गार पाण्याची पट्टी ठेवली. बसल्या बसल्या, जमिनीकडे बघत म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी साली तुझं ऑपरेशन झालं होतं. आठवतं? मी पॅनकेक केले होते."

तिला आठवलं. दवाखान्यातून घरी आली त्या सकाळचे पॅनकेक. कडेला करपलेले, मध्ये कच्चे. तिने पोटाला टाके असताना उठून ते कचऱ्यात टाकले होते आणि दुसरे केले होते.

"मला वाटलं तू विसरलास."

"विसरलो नाही. बोललो नाही, एवढंच. मग परत कधी शेगडीकडे गेलो नाही. तू म्हणायचीस, याला काही येत नाही. नाहीच येत. कुणी येऊ दिलं?"

"तू कधी म्हणालास का, शिकव म्हणून?"

"तू शिकवत नाहीस, लॉर्ना. तू हाकतेस."

यावर देण्यासारखी चार उत्तरं तिच्या जिभेवर आली. एकही खरं नव्हतं. व्हर्लिनने गुडघ्यांवर बसून खिमा गोळा केला, जमीन दोनदा पुसली, तिची सपात फ्रिजखालून काढली. बाहेर जाऊन यंत्र बंद करून आला.

"आता काय खायचं?" लॉर्ना म्हणाली. "परत तो टूना? अर्धा डबा उरलाय."

"खिमा आहे अजून."

"कुठून?"

"दुकानात असताना आठवेना, तू एक पौंड म्हणालीस की दोन. फोन केला असता तर तू ओरडली असतीस. दोन आणले."

तिला हसायचं नव्हतं. नाकातून एक आवाज निघाला, तो तिने खोकल्यात घातला.

त्याने कढई घासून परत चढवली. या खेपेला लॉर्ना खिडकीकडे तोंड करून बसली, म्हणजे दिसणार नाही आणि बोलणं होणार नाही. पण कान बंद करता येत नव्हते. खिमा फार हळू चरचरतोय हे तिला कानांनी कळत होतं. चरबी तो सिंकमध्ये ओतणार का, या विचाराने तिचे खांदे वर चढले. "रिकाम्या डब्यात," ती शेवटी भिंतीला म्हणाली.

"डब्यातच ओततोय."

दहा मिनिटांनी तिला पुन्हा राहवलं नाही. "पाव आधी भाजू नको."

"भाजला."

"नुसता?"

"लोणी लावून, खिमा घालायच्या आधी. खाली कडक झाला की रस्सा झिरपणार नाही. छप्पर घालायच्या आधी वाशांना रंग देतात तसं."

असं कुणी करत नाही, हे तिने गिळलं. सहाला पाव ओव्हनमध्ये गेला. सव्वासहाला बाहेर निघाला, तिच्या हिशोबाने चार मिनिटं उशिरा, एका टोकाला चीज तपकिरीच्या पुढे गेलेलं. पण लसणीचा आणि वितळलेल्या चीजचा वास घरभर पसरला आणि धुराचा वास मागे हटला.

व्हर्लिनने तुकडा कापून काट्यावर घेतला, फुंकर घातली आणि तिच्या तोंडाशी धरला. पुरेशी फुंकर घातली नव्हती. तिच्या टाळूला चटका बसला, चीजची तार हनुवटीवर लोंबली, आणि त्याने ती बोटाने वर सरकवली. लहान मुलाला भरवताना सरकवतात तशी.

"पुरे," ती म्हणाली. "मला नाही खायचं असं. मी पोर नाही."

तो उठून मागच्या खोलीत गेला. ती एकटीच वाफाळणाऱ्या पावाकडे बघत बसली. भूक इतकी लागली होती की डोळ्यांत परत पाणी आलं. तो आला तेव्हा त्याच्या हातात चिकटपट्टीची काळी गुंडाळी होती, तारांना लावतात ती. त्याने काटा तिच्या डाव्या प्लास्टरवर ठेवला, बाहेर किती काढायचा ते तिच्या तोंडापर्यंत हात नेऊन दोनदा पाहिलं, आणि पट्टीचे सात वेढे घट्ट मारले. ओढून बघितला. हलला नाही.

पहिला घास तिच्या मांडीवर पडला. दुसरा टेबलावर. व्हर्लिन स्वतःच्या ताटात बघून जेवत होता, मुद्दाम. तिसऱ्याला तिने कोपर टेबलावर टेकवलं, मान वाकडी करून तोंडच काट्याकडे नेलं, आणि घास आत गेला.

पाव खाली कुरकुरीत होता. रस्सा झिरपला नव्हता. सव्वीस वर्षं तीनशे पोरांना तिने मऊ, गिळगिळीत पाव वाढला होता.

"लसूण कमी पडलाय," ती तोंडात घास असतानाच म्हणाली.

"किती हवा होता?"

डोळ्यांना बरं वाटेल तेवढा, हे तिच्या ओठांवर आलं होतं. "दहा पाकळ्या," ती म्हणाली. "मोजून."

त्याने मान डोलावली आणि तिच्या ताटातला पाव अजून लहान तुकड्यांत कापून दिला. पुढचा घास परत मांडीवर पडला. लॉर्नाने एक सणसणीत शिवी दिली, तोच तुकडा काट्याने टोचून उचलला आणि खाल्ला.