अंबाडीचा दोर

मारोतरावांनी दोराची दोन टोकं जुळवून गाठ मारली, ती दातांनी आवळली आणि तोंडात आलेली अंबाडीची कूस थुंकून टाकली. या आठवड्यातली ही तिसरी गाठ होती.

"तुटला नाई हा. कापला," ते म्हणाले. "इळ्यानं."

धाकटा भाऊ जगदेव वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होता. त्याने नाही म्हटले नाही.

दोराचे एक टोक राखणीच्या गवती खोपडीत होते. दुसरे वावराच्या पार कडेला, कुंपणाच्या खिंडारापाशी खुंट्यांना बांधलेल्या ठासणीच्या बंदुकीच्या चापाला. रानडुकरांनी अर्धी ज्वारी लोळवली होती आणि उरलेल्या अर्ध्यावर घराला वर्ष काढायचे होते. खिंडारापाशी ज्वारीचे धांडे हलले की खोपडीत बसल्या बसल्या दोर ओढायचा. थंडीत फिरणे नको, सुळ्यांचे भय नको. ही युक्ती मारोतरावांनी साऱ्या मेडशी गावाला ऐकवली होती, आणि सख्ख्या भावाखेरीज सगळ्यांनी वाखाणली होती.

"लढाईतून आला तू, अन् बंदुकीले भेतं?"

"बंदुकीले नाई. दोराले."

"दोराले! आयकलं का माय? दोराले भेते हा!"

प्रयागबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मले नका सांगू. एक बांधते, एक कापते. बैल असते तं कवाच बाजार दाखवला असता तुमाले."

जगदेवने विळा खाली ठेवला. इटलीहून परतून त्याला वर्ष झाले होते; तिथले तो फारसे बोलत नसे.

"तिकडं एक गाडी पाह्यली दादा. रांजणाएवढी. पोटात नुसती सुरुंगाची दारू. आत मानूस नाई. तो लांब खड्ड्यात बसून तारेवरून हाकलून राह्यला होता. आमच्या पलटनीतल्या फुलसिंगच्या पायाले गोयी लागली होती. पयता येईना. त्यानं बंदूक फेकली, हात जोडले."

"मंग?"

"गाडीले हात जोडले, दादा. तिले डोये कुठं होते?"

मारोतरावांनी गाठ उगाच पुन्हा आवळली.

"ते दुश्मनाचं झालं. इथं डुकरं हायेत."

"आपले आबा वावरात जागल करत तवा पयले हाळी देत. मानूस का जनावर? जवाब आला नाई तं मंग बार. हा दोर कोनाले इचारते?"

"आता डुकराले नाव-गाव इचारत बसू का, बाप्पा!"

जगदेव उठला आणि विळा कमरेला खोचून ज्वारीत शिरला.

दिवस मावळतीला आला. मारोतराव खोपडीत दोर धरून बसले होते. खिंडारापाशी धांडे हलले, थांबले, पुन्हा हलले. त्यांनी दोर ओढला.

कट् असा बारीक आवाज आला. बार उडाला नाही.

बंदुकीच्या टोप्या विकणाऱ्या दुकानदाराला, दंवाला आणि भावाला शिव्या घालत ते काठी घेऊन निघाले. खिंडारापाशी पोचले आणि शिवी अर्धीच राहिली. नळीच्या समोर, हातभर अंतरावर, जगदेव हात जोडून उभा होता.

"कवापासून?"

"तू ओढायच्या आंधीपासून."

त्याने जोडलेले हात उघडले. बंदुकीची तांब्याची टोपी, जिच्या ठिणगीवाचून बार उडत नाही, ती त्याच्या तळव्यावर होती.

मारोतरावांना ओरडायचे होते. ओरडण्यासारखे पुष्कळ होते. ते खाली बसले आणि चापाला बांधलेली गाठ सोडू लागले. आपणच आवळलेली, बोटांना सुटेना.

"इळा दे," ते चिडून म्हणाले.

अंधार पडायच्या आत ते बंदूक खांद्यावर टाकून धुऱ्यावर उभे राहिले. थंडी वाजत होती. ज्वारीत खसफस झाली. त्यांनी बंदूक उचलली, मग वैतागून खाली केली आणि घसा ताणला.

"मानूस का जनावर?"

विहिरीकडून जगदेवचा आवाज आला, "मानूस!"

"तुले कोन इचारून राह्यलं!" मारोतराव खेकसले. आणि ज्वारीकडे तोंड करून त्यांनी पुन्हा हाळी दिली.