साडेसहा कोटी वर्षं आणि एक लाट

मोर्वन गॅलब्रेथ आणि मी ग्लासगोत एकाच खोलीत बसून भूगर्भशास्त्र शिकवायचो. ती दगडांवर बोलायला लागली की चहा गार व्हायचा. तिचाही आणि माझाही.

एका एप्रिलमध्ये टीव्हीवाले आमच्या प्राध्यापक कार्स्टेअर्सांना घेऊन पूर्व किनाऱ्यावर चित्रीकरणाला निघाले. आम्ही दोघं सामान उचलायला. सर होडीतून उतरले ते पोट धरूनच. बोट लागली होती.

"आता बोलणार कोण?" दिग्दर्शिका नीव्ह वैतागली.

मी मोर्वनला पुढे केलं.

"ढकलतोस काय रे फर्गस! मला नाही जमायचं!" असं म्हणत ती खडकावर चढली. हात दगडाला लागला मात्र, आणि बाई सुटल्या.

"खालचे थर बघा, उभे. वरचे आडवे. माझी करंगळी खालच्यावर, अंगठा वरच्यावर. या दोन बोटांच्या मधे साडेसहा कोटी वर्षं गेली, आणि त्या काळात—"

धाडकन लाट आली आणि तिला आडवी करून गेली. आम्ही किंचाळलो. मोर्वन उठली तेव्हा केसांत समुद्रशेवाळ, नाकातोंडात पाणी आणि हसू काही आवरेना.

"साडेसहा कोटी वर्षं हा दगड गप्प बसला, आणि या लाटेला माझं एक वाक्य संपेपर्यंत दम नाही!"

नीव्ह ओरडली, "हेच! हेच दाखवायचं!"

कार्यक्रम लागला त्या रविवारी तिच्या आईचा ओबनहून फोन आला, "नाक तरी पुसायचंस गं, सगळा देश बघत होता!" सोमवारी नीव्हचा आला, सहा भागांची मालिका करशील का?

"टीव्हीवर गेलीस की शास्त्रज्ञ म्हणून संपलीस," सर म्हणाले. मोर्वनने दोन दिवस राजीनामे लिहिले आणि फाडले. तिसऱ्या दिवशी राजीनामा देऊन ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आली. "फर्गस, मला ज्वालामुखी बघायला पाठवतायत! वर पगारही देणार! वेडे आहेत का रे हे लोक?"

याला नऊ वर्षं झाली. सर तिचा एकही भाग चुकवत नाहीत. चुका काढून पत्रं पाठवतात, आणि ती पुढच्या भागात हसत हसत कबूल करते.

गेल्या महिन्यात मोर्वन आणि मी अलापूल बंदरावरची बोट गाठायला बसने निघालो होतो. मधेच ड्रायव्हरने बस कडेला घेतली.

"बाई, टीव्हीवरच्या तुम्हीच ना? हा कडा मी रोज बघतो. कसला आहे, सांगा की."

"इथून काय सांगू? उतरा सगळे!"

चौदा माणसं ओल्या कड्याला तळवे टेकून उभी राहिली. एका आजींनी तर गालच लावला. बोट आमच्याशिवाय सुटली.

"जाऊ द्या हो," ड्रायव्हर म्हणाला, "तो वरचा थर राहिला ना अजून!"