अप्पांच्या हसण्याचा फोटो

मित्रांनो, हे कोणालाच खरं वाटायचं नाही, म्हणून तर सांगतो.

मी एक जुना कॅमेरा आहे. कारखान्यातून निघालो तो खोक्यातच होतो. डोळा उघडला तो थेट परभणीत, बजरंगच्या स्टुडिओत. तारुण्यात माझी नजर फार तेज. एकदा म्हशीचा असा फोटो काढला की, मालक चरवी घेऊन स्टुडिओत धार काढायला आला. लोक म्हणत, 'बजरंग, कॅमेरा न्हाई, हिरा हाय!' खोटं कशाला बोलू?

पण माझं खरं नाव झालं राणीसावरगावच्या लग्नात.

शिवरुद्रअप्पांच्या अनुपमाचं लग्न. कार्यालय नको, शेतातल्या आखाड्यावरच, गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेत लग्न करायचं, हा तिचाच हट्ट. मे महिना. ऊन असं की, सावल्यासुद्धा आंब्याखाली जाऊन बसल्या होत्या. सनईवाला फुंकायचा तेव्हा सुरांआधी वाफ निघायची. पण मजा काय वर्णावी! वऱ्हाडी बाजेवर आडवे, पोरं झाडावर, आणि नवरदेव बाशिंग सावरत आमरसाच्या पातेल्याभोवती फिरतोय.

सकाळीच अनुपमा बजरंगला बाजूला घेऊन म्हणाली, "बजरंगभाऊ, अल्बम कसाबी करा. पण अप्पा हसलेला एक तरी फोटो पायजे. मी लातूरला चालले. तिथं भिंतीवर लावायला आमच्याकडं अप्पांचं निस्तं आधार कार्डाचं तोंड हाय!"

तिचे डोळे भरले होते. बजरंगनं मान हलवली आणि मला गळ्यात अडकवलं.

मित्रांनो, अप्पा माणूस गोड, पण मला पाहिलं की ताठ! मान वर, ओठ बंद, हात मांड्यांना चिकटलेले. बजरंगनं विनोद सांगितले, वाकुल्या दाखवल्या. अप्पा म्हणाले, "फोटू काढायलाव का माकडचाळे करायलाव?"

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी एक हसू मिळेना. पाठवणीची गाडी दारात लागली. अनुपमा सारखी बजरंगकडे बघायची आणि बजरंग मान खाली घालायचा.

शेवटी उरला इवायांचा, म्हणजे व्याह्यांचा मान. टोपी-टॉवेल घेऊन अप्पा पुढे झाले, तर त्यांचे इवाईही टोपी-टॉवेल घेऊनच उभे!

"इवाई, आधी तुमी."

"छ्या! आखाडा तुमचा, मान तुमचा."

"लेक आमची, तवा आमीच आधी देनार."

"लेक आता आमची झाली की वो!"

लग्नात मान मिळाला नाही म्हणून रुसणारे मी पोत्यानं पाहिलेत. मान घेणार नाही म्हणून भांडणारे हे पहिलेच. अप्पा टॉवेल घेऊन पुढे, इवाई हात जोडून मागे. दोघं एका चौकटीत बसावेत म्हणून बजरंग त्यांच्याही मागे. अन् त्याच्या मागे होता बैलांच्या पाण्याचा हौद.

आधी बजरंग गेला, त्याच्यावर इवाई, आणि इवायांचा हात धरलेले अप्पा!

सगळा मांडव हौदाकडे धावला. तेवढ्यात इवायांनी पाण्यात बसल्या बसल्या आपली भिजलेली टोपी अप्पांच्या डोक्यावर ठेवली. "घ्या! आता तरी मान घेतलाव ना?"

आणि अप्पा हसले! असे हसले की दात दिसले, हिरड्या दिसल्या, बैलांनी दावी तोडली.

मी तेव्हा पाण्यात होतो. नाकातोंडात पाणी जात होतं. पण अनुपमाची आठवण झाली. मी प्राण डोळ्यात आणले, हौदाच्या तळातून वर झेपावलो आणि टिपला तो फोटो! तोच माझा शेवटचा. त्यानंतर मी कधी बोललो नाही, म्हणजे 'क्लिक' असं. आता या काचेच्या कपाटात बसून असतो. फोटो काढून घ्यायला येणारी तुम्ही पोरं तोंड वेडंवाकडं करून मला हसता. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या वस्तूंना अडगळ म्हणू नका. येता-जाता आमच्या डोळ्यावरची धूळ पुसत जा. आम्ही तुमच्या माणसांच्या हसण्यासाठी जीव...

"आई, ह्यो कॅमेरा खोटं बोलायलाय!"

अनुपमाची स्वप्ना! लातूरहून आईबरोबर त्याच फोटोची फुटलेली काच बदलायला आली होती. तिनं फ्रेम कपाटाला टेकवली.

"हे बघ. आजोबा हसायलेत. त्यांच्या मागं बजरंगमामा पाण्यात. अन् मामाच्या गळ्यात ह्योच, निथळत! फोटो तर तू काढलास ना आई, मोबाईलवर?"